अठरा एमी आणि एक दुभाषी

पुरस्कार सोहळे बघू नयेत, असं बरेच जाणकार सांगतात. सगळं आधीच ठरलेलं असतं, ज्याची ओळख त्याची बाहुली, बाकी नुसता झगमगाट. असेलही. पण मी बघते. वर्षानुवर्षं उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बाईला निकालात रस असतोच. शिवाय शाळेत एक गोष्ट पक्की कळली आहे. शाळेचं खरं धोरण भिंतीवरच्या सुविचारात नसतं, ती कशाला गुण देते त्यात असतं. अक्षराला गुण ठेवा, मुलं अक्षर सुधारतात. पाठांतराला ठेवा, पाठ करतात. टीव्हीचंही तसंच आहे. यंदा ज्याला बक्षीस, पुढच्या वर्षी त्याच्यावर पैसा आणि मेहनत.

म्हणून लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या ७६व्या एमी पुरस्कारांबद्दल लिहिते आहे. अमेरिकन टीव्हीचा हा सगळ्यात मोठा मान. १९४९ पासून तो दिला जातो. पंख असलेली एक स्त्री हातात अणूची प्रतिकृती उंच धरून उभी आहे, ती ही बाहुली. १५ सप्टेंबर २०२४ च्या रात्री तिथे निकाल लागले, तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ होती.

निकाल एका वाक्यात सांगायचा तर असा : बहुतांश संवाद जपानी भाषेत असलेली ‘शोगुन’ ही मालिका सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली. इंग्रजी नसलेल्या मालिकेला हा मान पहिल्यांदाच मिळाला. एकूण १८ पुरस्कार. एका वर्षात एका मालिकेला इतके एमी कधीच मिळाले नव्हते. आधीचा विक्रम ‘जॉन ॲडम्स’चा होता, २००८ मधला, १३ पुरस्कारांचा. हिरोयुकी सानादा सर्वोत्कृष्ट अभिनेता, ॲना सावाई सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. दिग्दर्शनाचं बक्षीसही याच मालिकेच्या नवव्या भागाला.

आता, सगळेच निकाल मला पटले असं नाही. ‘द बेअर’ घ्या. शिकागोमधल्या एका खानावळीच्या स्वयंपाकघराची गोष्ट. भावाने आत्महत्या केलेली, डोक्यावर कर्ज, सगळे एकमेकांवर ओरडताहेत, बघताना आपल्याच छातीत धडधडतं. मालिका उत्तमच आहे. पण ती विनोदी मालिकांच्या गटात! अर्ध्या तासाचा भाग म्हणजे विनोदी, हा तिकडचा जुना रिवाज. त्या गटात तिने ११ पुरस्कार मिळवून विक्रम केला. मग शेवटी सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचं पाकीट उघडलं तर नाव निघालं ‘हॅक्स’चं. मतदारांनाही कुठेतरी खटकलं असावं. निबंध कितीही चांगला असला तरी तो गणिताच्या पेपरात लिहिला तर गुण कसे द्यायचे?

‘बेटर कॉल सॉल’चं तर बोलायलाच नको. सहा हंगाम, ५३ नामांकनं आणि एकही बक्षीस नाही. २०२४ च्या जानेवारीत, संपामुळे लांबलेल्या आदल्या सोहळ्यात, तिची शेवटची संधीही गेली. दर वर्षी दुसरा येणारा मुलगा शेवटी बक्षिसाशिवायच शाळा सोडतो, तसं.

‘शोगुन’बद्दलही दोन तक्रारी आहेत. ही मालिका आधी एकाच हंगामाची म्हणून जाहीर झाली होती. मे महिन्यात पुढचे हंगाम करायचं ठरलं आणि ती नाट्यमालिकांच्या मोठ्या गटात गेली. ‘सक्सेशन’सारखी दादा मालिका आदल्या वर्षीच संपलेली, म्हणजे मैदान जरा मोकळं होतं. दुसरी तक्रार कॉस्मो जार्विसची. मालिकेतल्या इंग्रज खलाशाचं काम त्याने जीव ओतून केलं, त्याला नामांकनसुद्धा मिळालं नाही. हे सगळं मान्य करूनही मला वाटतं, ‘शोगुन’चे अठराच्या अठरा पुरस्कार रास्त आहेत. का, ते सांगते.

जेम्स क्लॅव्हेल यांची ‘शोगुन’ ही कादंबरी १९७५ ची. गोष्ट इ. स. १६०० च्या जपानमधली. एक इंग्रज खलाशी वादळात भरकटून किनाऱ्याला लागतो आणि तिथल्या सरदारांच्या सत्तासंघर्षात सापडतो. १९८० मध्ये अमेरिकेत याच कादंबरीवर एक मालिका आली होती. रिचर्ड चेंबरलेन खलाशी आणि तोशिरो मिफुने सरदार. तिलाही एमी मिळाला होता. पण त्या मालिकेत जपानी माणसं जपानीत बोलत तेव्हा पडद्याखाली त्याचा अर्थ बहुतेक वेळा देत नसत. विचार असा होता की खलाशाला कळत नाही, तर प्रेक्षकालाही कळू नये. नाटकाच्या दृष्टीने युक्ती वाईट नाही. परिणाम मात्र काय झाला? जपानी माणसं त्यांच्याच देशात, त्यांच्याच घरात, नुसता आवाज करणारी झाली. अर्थ फक्त इंग्रजाच्या वाट्याला.

चव्वेचाळीस वर्षांनी तीच गोष्ट परत आली, तेव्हा साधारण सत्तर टक्के संवाद जपानीत होते आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ खाली लिहिलेला होता. आता न कळणारा माणूस एकच, तो खलाशी. प्रेक्षकाला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. कॅमेरा जवळपास तिथेच आहे, कथा तीच आहे, पण सन्मान कुणाचा होतो ते बदललं.

हे कसं केलं, ते भाषेच्या शिक्षकांनी तरी समजून घ्यायला हवं. आधी संवाद इंग्रजीत लिहिले. मग त्यांचं जपानी भाषांतर केलं. ते आजच्या बोलीत होतं. म्हणून ऐतिहासिक नाटकांची जाण असलेल्या एका लेखिकेने ते त्या काळाला शोभेल अशा जपानीत घडवलं. कोणाला किती आदराने बोलायचं, बाई कशी बोलेल, सरदार कसा बोलेल, सगळं तपासलं. आणि मग त्या जपानीवरून पुन्हा इंग्रजी सबटायटल्स तयार केली. म्हणजे एका वाक्याने समुद्र तीनदा ओलांडला. सानादा हे नुसते नायक नव्हते, निर्मात्यांपैकीही एक होते. पोशाख, केशभूषा, बसणं-उठणं, तलवार धरणं, सगळ्यासाठी जाणकार माणसं हवीत हा त्यांचा आग्रह होता. चित्रीकरण कॅनडात झालं, पण पडद्यावर कुठे परकेपणा दिसत नाही.

आणि हे कष्ट परीक्षकांना दिसले. १८ पैकी १४ पुरस्कार मुख्य सोहळ्याच्या आठवडाभर आधी, ७ आणि ८ सप्टेंबरला दिले गेले. वेशभूषा, केशभूषा, कलादिग्दर्शन, संकलन, ध्वनी अशा पडद्यामागच्या कामांसाठी तिथे दोन रात्रींचा वेगळा सोहळाच असतो. एमीचे मतदार म्हणजे अकादमीचे वीस हजारांहून जास्त सभासद, सगळे याच धंद्यातले. अभिनेत्यांची नावं अभिनेते सुचवतात, संकलकांची संकलक. यातही प्रचार चालतो, जाहिरातबाजी चालते, सगळ्यांनी सगळं पाहिलेलं नसतं. तरीही ज्याने स्वतः शिवलं आहे तोच टाक्याची किंमत सांगू शकतो, हे तत्त्व मला योग्य वाटतं.

शेवटचं बक्षीस घ्यायला मालिकेचे लोक मंचावर आले. सहनिर्माते जस्टिन मार्क्स यांनी गमतीने वाहिनीचे आभार मानले. जपानी भाषेतली, सबटायटल्सवाली, महागडी ऐतिहासिक मालिका, आणि तिचा कळसाध्याय काय, तर कवितांची बैठक! असल्या गोष्टीला तुम्ही पैसे दिलेत, असा त्यांचा सूर होता. त्यानंतर सानादा जपानीत बोलले. जपानमधल्या ऐतिहासिक नाट्यपरंपरेतल्या जुन्या गुरूंचे, दिग्दर्शकांचे, कामगारांचे त्यांनी आभार मानले. अमेरिकेच्या त्या मंचावर, त्या क्षणी, आपल्या भाषेत. मला हा त्या रात्रीचा सगळ्यात मोठा पुरस्कार वाटला.

हे एकदम झालेलं नाही. २०२२ मध्ये कोरियन ‘स्क्विड गेम’साठी ली जुंग-जे यांना अभिनयाचा आणि ह्वांग डोंग-ह्युक यांना दिग्दर्शनाचा एमी मिळाला, तेव्हा दार किलकिलं झालं होतं. त्याआधी २०१७ मध्ये ‘द नाइट ऑफ’मधल्या कामासाठी रिझ अहमद यांना एमी मिळाला. मुख्य भूमिकेसाठी अभिनयाचा एमी मिळवणारे ते पहिले मुस्लिम. त्यांनी उभा केलेला नाझ हा न्यूयॉर्कमधल्या पाकिस्तानी टॅक्सीवाल्याचा मुलगा, खुनाच्या आरोपात अडकलेला. तो न्यूयॉर्कच्या पोरासारखाच बोलतो, कारण तो तिथलाच आहे. आपल्या ‘दिल्ली क्राइम’ला २०२० मध्ये मिळाला तो आंतरराष्ट्रीय एमी. त्याची अकादमी वेगळी, सोहळा वेगळा, तिथे मुख्यतः अमेरिकेबाहेरच्या कार्यक्रमांचा विचार होतो. तो मानही मोठाच. पण पाहुण्यांच्या पंगतीत बसणं वेगळं आणि घरच्यांच्या ताटाला ताट लावून बसणं वेगळं. ‘शोगुन’ घरच्यांच्या पंगतीत बसून पहिली आली.

मला स्वतःला मात्र सरदार तोरानागापेक्षा मारिको जास्त भावली. ॲना सावाईने उभी केलेली ही बाई दुभाषी आहे. खलाशाचं बोलणं सरदाराला आणि सरदाराचं खलाशाला सांगायचं, हे तिचं काम. खलाशी संतापून काहीबाही बोलतो, ती क्षणभर थांबते आणि सरदारापुढे तेच सौम्य करून ठेवते. काय सांगायचं, काय गाळायचं, कुठला शब्द किती नरम करायचा, यावर कुणाचं तरी डोकं धडावर राहणार की नाही ते ठरतं. उर्दूत आम्ही त्याला तर्जुमा म्हणतो. वर्गात तर्जुमा म्हणजे दहा ओळींचा उतारा आणि पाच गुण. मारिकोच्या तोंडी तो जीवन-मरणाचा प्रश्न होतो.

अशा मारिको माझ्या वर्गात दर वर्षी असतात. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकणारी, घरी दख्खनी बोलणारी, मराठी बऱ्यापैकी येणारी मुलगी. आईबरोबर दवाखान्यात, बँकेत, रेशनच्या कामाला तीच जाते. एका मुलीने मला सांगितलं होतं. आई म्हणाली, “इनकू बोल, नाम चढाने कू तीन बार आये, हर बार कल आव बोलते.” मुलीने खिडकीत सांगितलं, “सर, नाव चढवायचं होतं.” तीन खेपा गळाल्या. आईचा राग गळाला. मी विचारलं, बाकीचं का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “मॅडम, वो गुस्सा हुए तो काम नै होता ना.” तेरा वर्षांची पोर, आणि मारिकोचा धडा तिला पाठ होता.

हे सांगायचं कारण, टीव्हीवर आपली भाषा कशी दिसते याचा आणि त्या खिडकीचा संबंध आहे. मराठी मालिकेत मुसलमान पात्र मुळात क्वचित. आलंच तर रिक्षावाला, शेजारचा प्रेमळ चाचा, नाहीतर गुंडाचा साथीदार. ते ठीक आहे, रिक्षा चालवणारे आमच्यात आहेत आणि प्रेमळ चाचेही आहेत. पण बोलतात कसे? हिंदी सिनेमातून उचललेलं काहीतरी. दर वाक्यात ‘अल्ला कसम’ आणि ‘जनाब’. महाराष्ट्रात कुठल्याच मोहल्ल्यात असं कोणी बोलत नाही. कोकणातला मुसलमान घरात कोकणी बोलतो. सोलापूर, सांगली, मिरजेकडे दख्खनी चालते, आणि त्या दख्खनीत मराठी इतकी मुरलेली आहे की जोर देणारा ‘च’ सुद्धा मराठीतून आलेला : “मैंच बोल्या”, “उनेच आया”. ‘नको’चं ‘नक्को’ तर सगळ्यांना माहीत आहे. कित्येक खेड्यांत मुसलमानांची घरातली भाषा शेजाऱ्यांचीच मराठी आहे. ही इतकी श्रीमंती हाताशी असताना पडद्यावर एकच ठोकळा. १९८० च्या ‘शोगुन’मधल्या जपान्यांसारखा, नुसता आवाज.

हा प्रश्न फक्त मुसलमानांचा आहे, असंही नाही. आगरी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणारं पात्र आलं की ते हसवण्यासाठीच आलं असणार, हे आपण धरूनच चालतो. पण जिथे कोणी मनावर घेतलं तिथे काय झालं तेही आपण पाहिलं आहे. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी घराघरात पोचवली. त्याच वर्षी ‘तुझ्यात जीव रंगला’मधलं कोल्हापुरी बोलणं लोकांनी उचलून धरलं. पुढच्या वर्षी ‘लागिरं झालं जी’ने साताऱ्याकडची बोली आणली. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला समजणार नाही, ही भीती तेव्हाच खोटी ठरली. प्रेक्षक कान देतो. मात्र त्याच्यासमोर खरं बोलणं यायला हवं.

मग ते वरचेवर का येत नाही? मालिका रोज दाखवायची, आज लिहिलेलं उद्या चित्रित होतं, पैसा मोजका, वेळ त्याहून मोजका, हे निर्मात्यांचं म्हणणं खरं आहे. ‘शोगुन’च्या दहा भागांवर जितका खर्च झाला तितका आपल्याकडे कोणी स्वप्नातही करणार नाही. पण बोली नीट करायला किल्ले उभारावे लागत नाहीत. त्या गावचा, त्या मोहल्ल्याचा एक माणूस संवाद वाचायला बसवला तरी निम्मं काम होतं. तो बसवला जात नाही, कारण त्याला गुण नाहीत.

आपल्या पुरस्कारांकडे बघा. आपल्याकडे वाहिनी आपला सोहळा आपणच भरवते आणि बक्षिसं आपल्याच मालिकांना देते. घरच्या बारशाला घरच्याच मुलांना खाऊ. सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट जोडी, सर्वोत्कृष्ट कुटुंब. मला त्यात गंमत वाटते, मी तेही बघते, अम्मी तर आवडीने बघते. पण या नावांवरूनच कळतं की गुण नात्याला आहेत, कामाला कमी. सासू किती कजाग यावर चर्चा होते, ती सासू कुठल्या गावची आणि तशी बोलते का, हे कोणी विचारत नाही. लेखक, संकलक, वेशभूषाकार यांच्या वाट्याला टीव्हीवरच्या त्या चार तासांत फार तर काही सेकंद येतात. म्हणून पुढच्या वर्षीही सासूच जास्त कजाग होते, बोली सुधारत नाही. मुलांनी अक्षर सुधारावं असं वाटत असेल तर अक्षराला गुण ठेवावे लागतात.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झालाच, वर्गात पेढे वाटले. उर्दूच्या तासाला येणाऱ्या मुलांनीही टाळ्या वाजवल्या, कारण ती त्यांचीही भाषा आहे. पण अभिजात हा दर्जा जुन्या ग्रंथांमुळे मिळतो. भाषा चालते ती बोलणाऱ्यांवर, आणि बोलणारे आज रोज संध्याकाळी सात ते दहा टीव्हीसमोर असतात. तिथे जी मराठी ऐकू येते तीच पुढच्या पिढीला ‘खरी मराठी’ वाटते. तिथे ज्यांची मराठी ऐकू येत नाही, ते मराठी नाहीतच असंही हळूहळू वाटू लागतं. मग रेशनच्या खिडकीमागच्या माणसालाही तसंच वाटतं, आणि ती मुलगी वाक्य गिळते.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या सोहळ्यात वाहिन्यांनी एक बक्षीस वाढवावं : बोलीचं. ज्या मालिकेत माणसं आपापल्या गावासारखी, घरासारखी, खरी बोलली, तिच्या संवादलेखकाला आणि त्याला बोली शिकवणाऱ्या माणसाला ते मिळावं, दोघांनाही मंचावर बोलवून. परीक्षक म्हणून सेलिब्रिटी नकोत. मालवणची एक म्हातारी, नागपूरचा एक रिक्षावाला, मिरजेची एक शिवणकाम करणारी बाई आणि धुळ्याचा एक शेतकरी बसवा. चूक कुठे आहे ते पहिल्या वाक्यात सांगतील. आणि बक्षीस घेणाऱ्याने आभार त्याच बोलीत मानावेत, खाली सबटायटल द्या हवं तर. आम्ही वाचू.